स्वप्नात काळोख झाला तर: काहीच दिसत नसताना सजग स्वप्न कसं टिकवायचं

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर होतं. माडीवर जाणारा जिना भिंतीच्या पोटातून गेलेला, उभा आणि इतका अंधारा की भर दुपारी पायरी दिसायची नाही. वरच्या तुळईला बांधून एक जाड दोर खालपर्यंत सोडलेला असे. तो धरायचा आणि चढायचं. दिवा शोधायला कुणी थांबत नसे. सजग स्वप्नात डोळ्यांपुढे अचानक काळोख पसरला की काय करायचं, हे शिकायला मला काही वर्षं लागली. शेवटी हाताशी आला तो हाच दोर.

सजग स्वप्न म्हणजे ल्युसिड ड्रीम: स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं ज्यात कळतं ते. हा शब्द १९१३ साली डच लेखक आणि मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी रूढ केला. ५० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साधारण ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं असतं आणि २३ टक्क्यांना महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा पडतं. तेव्हा ज्यांना हे अधूनमधून होतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. सजग स्वप्न मुळात कसं पाडायचं, याबद्दल इथे लागेल तेवढंच लिहिते.

दृश्य विझलं की बहुतेक जण तिथेच सोडून देतात. चित्र गेलं म्हणजे स्वप्न संपलं असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटल्यामुळेच ते संपतं. खरं पाहता नजर हा स्वप्नाचा एक पदर आहे. तो निसटला तरी स्पर्श, तोल, आवाज आणि हालचाल बराच वेळ शाबूत असतात. माझ्या अनुभवात नजर आधी जाते आणि स्पर्श सगळ्यात शेवटी.

आधी अंधार ओळखा

सगळे काळोख सारखे नसतात. पहिला दाराशी लागणारा. पहाटे जाग येऊन परत झोपताना जाणीव न सोडता थेट स्वप्नात शिरू पाहिलं की अंग जड होतं, कानात गुणगुण होते, कधी तरंगल्यासारखं वाटतं, पण समोर काहीच नसतं. शरीर झोपलंय, देखावा अजून मांडला गेलेला नाही. इथे घाई नसते.

दुसरा विझत जाणारा. चांगलं स्वप्न चालू असतं, मग रंग उतरतात, वस्तूंच्या कडा पुसट होतात, आणि सगळं काळं. झोप पातळ झालेली असते. इथे वेळ थोडा असतो, काही सेकंदांचाच धरून चाला.

तिसऱ्यात स्वप्नातली जागाच अंधारी असते. रात्रीचा बोळ, दिवे गेलेलं घर. अशा वेळी माणूस सवयीने बटण शोधतो, आणि बटण दाबलं तरी दिवा लागत नाही. हा अनुभव इतक्या जणांना येतो की ब्रिटिश संशोधक कीथ हर्न यांनी १९८१ साली त्यावर लिहिलं होतं. तेव्हा स्वप्नात दिव्याच्या बटणामागे लागू नका. दिवा लागला नाही की मन खट्टू होतं आणि काळोख पक्का होतो.

चौथा मला सगळ्यात जास्त छळणारा: पापण्या चिकटल्यासारख्या वाटतात. स्वप्नातलं अंग हलतं, चालतं, पण डोळे उघडत नाहीत.

आपण झोपेत आहोत की जागे, हा प्रश्न काळोखात खरोखर पडतो. बोटं मोजणं, घड्याळात दोनदा पाहणं, पाटी वाचणं या नेहमीच्या परीक्षांना उजेड लागतो. म्हणून नाकाची परीक्षा शिकून ठेवा. नाक चिमटीत घट्ट धरा, तोंड मिटा आणि श्वास घेऊन पाहा. श्वास सहज आला तर ते स्वप्न आहे, कारण चिमटीत धरलेलं नाक स्वप्नातलं असतं आणि गादीवरचं खरं नाक मोकळंच असतं. दुसरी परीक्षा तर्जनी तळहातात खुपसून पाहण्याची. स्वप्नात बोट पुष्कळदा पिठात शिरावं तसं आत जातं. नाकाची जास्त भरवशाची.

दिवसा करायची तयारी

हा भाग वाचून सोडून देऊ नका. स्वप्नात आयत्या वेळी काही सुचत नाही, सवय तेवढी चालते.

रोज दहा मिनिटं डोळे मिटून घरात वावरा. पायाखाली काही अडथळा नसेल अशी खोली निवडा. स्वयंपाकघर आणि जिना नको. भिंतीवरून हात फिरवत जा. ऑइलपेंटची गुळगुळीत भिंत, चुन्याची भिंत, दाराची चौकट, कडीचं गार लोखंड, पडद्याचं कापड. प्रत्येक गोष्टीला थोडं थांबून मनात नाव द्या: खरखरीत, गार, मऊ, ओलसर. शहरात फिरतानाही जमतं. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे आहेत. कधी गेलात तर खालच्या दगडावर तळहात ठेवून डोळे मिटा आणि उन्हात तापलेला भाग संपून सावलीतला कुठे सुरू होतो ते नुसत्या हाताने शोधा. सकाळी पोह्यांची प्लेट हातात घेतलीत की पहिले दोन घास डोळे मिटून खा: जिरावणाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा, आंबूस-तिखट वास, दाताखाली बडीशेप, शेवेचा कुरकुरीतपणा. हे सगळं सामान रात्री कामाला येतं.

यातून एक दोर निवडा. म्हणजे असा एक स्पर्श, जो तुम्हाला विचार न करता आठवतो. माझा तो जिन्यातला दोरच आहे, काथ्याचा, मधोमध हातांनी घासून गुळगुळीत झालेला. तुमचा आजोबांच्या काठीचा असेल, बाळाच्या जावळाचा असेल, तबल्याच्या शाईचा असेल. एकच ठेवा आणि बदलू नका.

मग वेळ. झोपेची एक फेरी साधारण ९० मिनिटांची असते, आणि स्वप्नांची रेम झोप (मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भरभर फिरतात ती) रात्रीच्या शेवटच्या फेऱ्यांत लांबत जाते. अकराला झोपणाऱ्याने साडेचार-पाचचा गजर लावावा, अर्धा तास शांतपणे जागं राहावं, फोन बघू नये, आणि परत झोपावं. झोप लागताना एकच वाक्य मनात घोळवायचं. सर्वसाधारण सल्ला ‘मला स्वप्नात कळेल’ असं म्हणण्याचा आहे. माझा आग्रह वेगळ्या वाक्याचा आहे: ‘काळोख झाला की मी हात चोळीन.’ काळोख हीच खूण आणि हात चोळणं हे काम, अशी गाठ आधीच मारून ठेवा. त्या रात्री दारू नको, ती रेम झोप दडपते. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून एकला गराडू (तळलेला कंद) आणि रबडी खाऊन आलात तर त्या दिवशी हा खटाटोप न केलेला बरा. भरल्या पोटी गजर लावून उठणं म्हणजे झोपेचं नुकसान तेवढं पदरात पडतं.

काळोख झाल्यावरचे पहिले क्षण

डोळे उघडायचा प्रयत्न करू नका. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

कारण असं. रेम झोपेत हातापायांचे स्नायू शिथिल होऊन जवळजवळ बंद असतात, पण बुबुळं फिरवणारे आणि श्वासाचे स्नायू त्यातून सुटलेले असतात. याच सुटकेचा उपयोग करून १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांच्याकडून स्वप्नातून निरोप मिळवला. वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे झोपेतच डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि यंत्रावर ती नोंद उमटली. म्हणजे स्वप्नातली नजर आणि खरे डोळे यांच्यात धागा आहे. स्वप्नात पापण्यांवर जोर लावला की माझा तो जोर थेट खऱ्या पापण्यांपर्यंत पोचतो. कितीतरी पहाटे मी अशा घालवल्या: काळोख, चिडचिड, जोर, आणि वर गरगरणारा पंखा.

तेव्हा पापण्या विसरा. मनात किंवा स्वप्नातल्या तोंडाने म्हणा, ‘मी स्वप्नात आहे, नुसता उजेड गेलाय.’ श्वास जसा चाललाय तसा चालू द्या. गादी, उशी, चादर, पंख्याचा आवाज यांची चौकशी करू नका, कारण ज्याची चौकशी कराल ते जवळ येतं. आणि लगेच हात चोळायला लागा.

दोर धरणं

दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासा, थंडीत घासतो तसे. ऊब जाणवेपर्यंत. हे करताना खरे हात हलत नाहीत. ‘हात चोळायचे’ असं ठरवून स्वप्नातले हात आपोआप चोळले जातात. सुरुवातीला हात आहेत की नाहीत अशीही शंका येते. तरी करत राहा, तीन-चार घासण्यांत ते जमून येतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठात काम केलेले स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांनी स्वप्न विरू लागल्यावर काय केल्याने ते टिकतं याची तुलना करून पाहिली होती. हात चोळणं, स्वप्नातल्या अंगाने गिरकी घेणं, आणि काहीही वेगळं न करता जे चाललंय ते चालू ठेवणं, असे तीन प्रकार. पहिल्या दोन्हींनी स्वप्न टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढली. नुसतं चालू ठेवल्याने स्वप्न टिकण्यापेक्षा संपण्याचीच शक्यता जास्त निघाली. याचं सयुक्तिक स्पष्टीकरण असं, की लक्ष एका वेळी फार ठिकाणी पुरत नाही. ते स्वप्नातल्या तळहातांवर पूर्ण गुंतलं की गादीवरच्या अंगाकडे द्यायला उरत नाही.

हात चोळून झाले की थांबू नका, ही चूक बरेच जण करतात. ऊब आली की हात छातीवरून, दंडांवरून फिरवा. अंगात काय आहे, सुती कुडता की स्वेटर, ते चाचपा. मग पाय. तळव्यांखाली काय आहे? फरशी गार आहे, माती आहे, की काहीच नाही? काहीच नसेल, तुम्ही पोकळीत तरंगत असाल, तर खाली बसण्याची क्रिया करा. मांडी घालून बसू लागलं की माझ्या खाली बहुधा काहीतरी येतं. मग दोन्ही हातांनी ते ‘काहीतरी’ चाचपा आणि त्याला नाव द्या. नाव दिल्याने वस्तू घट्ट होते. नुसतं खरखरीत लागत असतं, ‘जाजम’ म्हटलं की त्याच्या पट्ट्या आणि कडेची शिवण बोटांना लागते.

आता तुमचा ठरवलेला दोर. डोक्याच्या वर हात न्या आणि तो तिथे असणारच अशा खात्रीने पकडा. शोधू नका. घरातल्या खुंटीवरची किल्ली आपण न बघता घेतो, तसं. मिळाला की त्यावर भार द्या, ओढा, तोल जाऊ द्या आणि सावरा. तोलाची जाणीव ही स्पर्शाइतकीच भक्कम आहे, आणि तिलाही डोळे लागत नाहीत.

गिरकीबद्दल माझं मत थोडं राखून आहे. ती काम करते, पण तिने जागा बदलते, गरगरतं, आणि पुष्कळदा आपण ‘जागे होतो’ ते खोटं असतं: आपलीच खोली, आपलीच गादी, पण अजून स्वप्नच. हात चोळून काही झालं नाही तर गिरकी घ्या, आणि थांबल्याबरोबर नाकाची परीक्षा करा.

आवाज विसरू नका. काळोखात बोला. स्वतःचं नाव, गावाचं नाव, आरतीची एक ओळ, काहीही. आवाज घुमतो का ते ऐका. घुमला तर भिंती आहेत, म्हणजे जागा आहे, म्हणजे चालता येईल. एक हात भिंतीला लावून चालायला लागा. चालता चालता दर थोड्या वेळाने म्हणा, ‘स्वप्न चालू आहे.’

चित्र परत येऊ देणं

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण ते मनात चित्र रंगवू लागतात. समुद्र, डोंगर, सूर्योदय. पण मनात रंगवणं आणि स्वप्नात दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. २०१८ साली लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वप्नात हळू फिरणाऱ्या अंगठ्याचा पाठलाग करताना झोपलेल्यांचे डोळे जागेपणी खरी वस्तू पाहताना फिरतात तसे सलग फिरले. डोळे मिटून तीच हालचाल नुसती कल्पून पाहिली तर मात्र ते तुटक उड्या मारत गेले. म्हणजे स्वप्नातलं दिसणं बघण्याच्या जवळचं आहे. कल्पनेवर जोर देऊन ते पेटत नाही.

त्याऐवजी हातातून नजरेकडे जा. हातात जे आहे ते अगदी तोंडाजवळ आणा आणि ‘हे कसं दिसत असेल’ असा विचार करण्याऐवजी त्याचा वास घ्या, वजन तोला, कड चाचपा. काही वेळाने करडा ठिपका उमटतो. तो आला की त्याच्याकडे रोखून बघू नका. नजर इकडून तिकडे सैल फिरू द्या, हात चालूच ठेवा. रोखून पाहिलं की तो पुन्हा विरतो.

दुसरी युक्ती दाराची. भिंतीवरून हात फिरवत दार शोधा, कडी काढा, आणि पलीकडे उजेड असेल हे गृहीत धरून उंबरठा ओलांडा. स्वप्न अपेक्षेवर चालतं, आणि दारापलीकडे वेगळी जागा असते ही आपली जुनी अपेक्षा आहे. दिव्याच्या बटणापेक्षा दार कितीतरी जास्त वेळा उपयोगी पडलंय. चिकटलेल्या पापण्यांना माझा उपाय असा: स्वप्नातले दोन्ही तळहात चेहऱ्यावर ठेवायचे, त्यांची ऊब घ्यायची, आणि लहान मुलांशी चेहरा लपवून ‘भॉक’ करायचा खेळ खेळतो तसे हात बाजूला करायचे. डोळे उघडायचे नाहीत, हात काढायचे.

दिसलंच नाही तर

माझ्या आत्याला जन्मापासून दृष्टी नव्हती. त्या अंधाऱ्या जिन्यावरून ती आम्हा सगळ्यांपेक्षा भरभर चढायची. एका सकाळी म्हणाली, “अगं, रात्री आई आली होती स्वप्नात.” मी सात-आठ वर्षांची, विचारलं, “कशी दिसली गं?” ती म्हणाली, “दिसायचं काय त्यात? आधी बांगड्या वाजल्या, मग लुगड्याचा वास आला, मग डोक्यावर हात ठेवला. बसली होती बराच वेळ.”

तिच्या स्वप्नात काहीही उणं नव्हतं. जन्मांध माणसांच्या स्वप्नांत सहसा चित्रं नसतात. आवाज, स्पर्श, वास, चव यांचीच ती बनलेली असतात. फार लहानपणी दृष्टी गेलेल्यांचंही बहुधा तसंच. मोठेपणी गेली तर स्वप्नातली चित्रं कित्येक वर्षं टिकू शकतात. म्हणून दृष्टिहीन वाचकांनी या लेखातला ‘चित्र परत येऊ देणं’ हा भाग खुशाल गाळावा, बाकीचा सगळा त्यांचा आहे. जागेपणी मनात चित्र उभं न राहणाऱ्यांनीही धास्ती घेऊ नये. एक्सेटर विद्यापीठाचे ॲडम झीमन यांनी २०१५ साली या अवस्थेला अफँटेशिया हे नाव दिलं. अशा पुष्कळ लोकांना स्वप्नात मात्र नीट दिसतं.

तर काळोख हटला नाही, तर काळोखातच राहा. ज्याला डोळे लागत नाहीत असं काम ठरवूनच झोपा: पोहणं, गाणं, धावणं, आवडीचं काही खाणं, गेलेल्या माणसाला हाक मारणं. माझं सगळ्यात लांबलेलं सजग स्वप्न पूर्ण काळोखातलं आहे. पाण्यात होते, पाणी गळ्यापर्यंत कोमट, आणि काठावर कुणीतरी ताल धरला होता. चित्राची वाट पाहणं मी त्या दिवशी सोडलं.

तुटलं तर, आणि सांभाळायचं काय

जाग आलीच तर हलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा. शेवटचा स्पर्श आठवा आणि त्याच्यावर लक्ष ठेवून पडून राहा. जाग येऊन अगदी थोडा वेळ झाला असेल तर बऱ्याचदा परत आत जाता येतं. मिनिटभरात काही झालं नाही तर सोडा.

कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर दाब वाटतो, खोलीत कुणी आहे असं वाटतं. हा झोपेतला लकवा. रेमची शिथिलता जाग आल्यावरही क्षणभर रेंगाळलेली असते. भूतबाधा नव्हे, आणि श्वासाचा पडदा नीट चालू असतो. पायाचा अंगठा किंवा करंगळी हलवत राहा, सुटतं.

पहाटे गजर लावून उठणं आठवड्यातून एक-दोनदाच करा. झोप पुरी होत नसेल तर अजिबात नको. भास होणं, वास्तवाचं भान सुटणं, उन्माद असा त्रास कधी झाला असेल, तर हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. अल्झायमरसाठी दिलं जाणारं गॅलँटामाइन सजग स्वप्नांसाठी वापरून पाहिलं गेलंय. ते मनाने घेण्याचं औषध नाही.

उठल्यावर वहीत आधी स्पर्श लिहा, मग आवाज, वास, आणि दिसलेलं सगळ्यात शेवटी. काळोख कोणत्या प्रकारचा होता, पहिलं काय केलं, त्याने काय झालं, हेही लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी: ‘विझता अंधार. हात चोळले, उशिरा ऊब आली. भिंत, चुना बोटांना लागला. दोर वर होता. पायऱ्या मोजल्या, नऊ. वर कुणीतरी लसणाची फोडणी दिली होती. दिसलं काही नाही.’